चोख

वडील रिव्हेट बसवायचे.
वेसल खालून लालबुंद खिळा चिमट्याने भिरकवायचा,
वडील तो बादलीत झेलायचे, भोकात घालायचे
आणि मग हातोडा.
थंड होताना लोखंड आकसतं, ते म्हणायचे,
आकसताना दोन पत्र्यांना असं आवळतं
की शंभर वर्षं ती भांडणार नाहीत.

आयसेल नदीवरचा आमचा रेल्वेचा पूल
मे महिन्यातल्या एका पहाटे आमच्याच शिपायांनी उडवला,
शत्रू पोचायच्या आत.
खिडकीच्या काचा लापशीच्या पातेल्यात.
आई लापशी फडक्यातून गाळत बसली,
टाकवत नव्हती.
शत्रू तरीही आला. होड्यांतून.
दुपारच्या जेवणापर्यंत आला.

मग त्यानेच दारावर थाप मारली:
लुब्बर्ट स्खूरिंक कोण? पूल उभा करायचाय.
'नाही' हा शब्द वडिलांना येत होता.
घरातल्या चार तोंडांना दुसरा एक शब्द येत होता.
वडील टोपी घालून गेले.

आता ऐकायचंच असेल तर हेही ऐक,
ऐंशी वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणून राहिलं.
वेसल म्हणे भोकात राख कोंबायचा,
एखादा रिव्हेट मुद्दाम अर्धाच ठोकायचा,
आणि रात्री दारूच्या टेबलावर हळूच सांगायचा कितवा.
वडिलांना ते जमलं नाही.
त्यांनी प्रयत्न केला होता, आई म्हणाली,
एकदा.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन
तो रिव्हेट काढून नीट बसवून आले.

चव्वेचाळीसच्या शरदात विमानं आली, आपल्या बाजूची.
आम्ही गच्चीवरून हात हलवले
पहिल्या वेळी.
वरून पूल म्हणजे सुताचा एक धागा असणार,
आणि गाव म्हणजे अंथरलेली चादर.
धागा चुकला की चादर.
मी नऊ खेपा मोजल्या, मग मोजणं सोडलं.
मासळीबाजारामागची आळी गेली,
शिंप्याचं घर गेलं, नुसता जिना राहिला
कुठेही न जाणारा.
एग्बर्ट चांभाराची हातगाडी मागून
बीट आणायला गेला होता.
गाडी सापडली. दोन्ही चाकं धड.
बीटसुद्धा.

ते बीट आम्ही खाल्ले.

संध्याकाळी वडील धक्क्यावर गेले, मी मागोमाग.
धूर खाली बसला होता, आणि त्याच्या वर
पूल. जसाच्या तसा. एक रिव्हेट हललेला नाही.
वेसल येऊन शेजारी उभा राहिला.
बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, आणि वाईट मनाने नाही म्हणाला,
"चोख केलंस रे, लुब्बर्ट."

त्यानंतर दोघांचं बोलणं झालं नाही,
वेसलच्या मरणापर्यंत.

एप्रिलमध्ये पळताना त्यांनी तो उडवला.
आम्ही तळघरात.
वडील आवाजावरून सांगत होते:
हा गावाकडचा गाळा. हा मधला.
तिसऱ्याला वेळ लागला.
तिसरा पडला तेव्हा हातात अर्धा बटाटा धरून
ते झोपी गेले, बसल्या जागी,
आणि आईने कुणाला उठवू दिलं नाही.

नव्या पुलासाठी बोलावणं आलं, ते गेले नाहीत.
मधाच्या केकच्या कारखान्यात डबे रचायला लागले.
त्यांची रास ओळंब्यात असायची. मुकादम लोकांना आणून दाखवायचा.
वडील तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात नदी इतकी आटली
की पोरं वाळूत मधोमध चालली.
येनेकेने एक गंजका गोळा आणला: पणजोबांचा असेल का गं?
कसं सांगणार. त्यांच्याबरोबर चाळीस माणसं होती.
तळहाताएवढे दोन पत्रे, कडा कुरतडलेल्या,
मध्ये एक रिव्हेट.
मी सुरी घालून बघितली फटीत.
फट नव्हती.

खिडकीत ठेवायला फार जड.
मागच्या दाराला टेकवून ठेवलाय.
नदीवरून वारा सुटतो रात्री,
दार वाजत नाही.