तिथीची पाऊणपट

पोशा तांडेल म्हणाला,
बाई, मोबाईल ठेवा. तिथी सांगा.
तिथीची पाऊणपट करा,
तेवढ्या वाजता पाणी भरणार.
घड्याळ मागेपुढे झालं तर घड्याळाला विचारा,
दर्याला नको.

सारसोळ्याच्या जेट्टीवर उकिडवी बसून
मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं.
चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार.
वडिलांनी घोकून घेतलेली पाऊणकी
पन्नास वर्षं कुठल्याच बाजारात चालली नव्हती.

सोळा दिवस. ठरलंय ते एवढंच.
माघातल्या चतुर्थीला मी आणि साजेदा,
रेवसपासून खाली, गुडघे म्हणतील तिथवर.
तिचे दिघीपर्यंत म्हणतात, माझे हर्णै.
नऊच्या ओहोटीला चालायचं, वाळू घट्ट असताना.
दुपारी पाणी वर आलं की आपणही वर,
कुणाच्या तरी पडवीत.
ओहोटी रोज पाऊण तास उशिरा,
आपणही उशिरा.

नकाशात बोटभर दिसणारी खाडी
लाँच चुकली तर अर्ध्या दिवसाची होते,
म्हणून साजेदा लाँचवाल्यांना फोन लावत बसते.
राजपुरीला तिची चुलत नणंद आहे.
ती म्हणते, या, बिर्याणी करते, पण चालत का?
साजेदा दर वेळी वेगळं उत्तर देते.
एकदा म्हणाली, नवस आहे.
एकदा म्हणाली, मला एसटी लागते.

सॅक रद्दीवाल्याच्या काट्याला अडकवली.
साडेनऊ.
काकू, ह्यातलं काय द्यायचंय?
तिथेच फुटपाथवर उघडली.
दुसरा टॉवेल. लोणच्याची बरणी.
छत्री. राहू दे. नको, काढ.
ब्याण्णव सालची डायरी,
ही कशाला भरली होती कुणास ठाऊक.
सात किलो चारशे.
डायरीचे तो दोन रुपये द्यायला निघाला.

साजेदाला एक गोष्ट सांगितलेली नाही.

तेहतीस वर्षं मी ट्रेसिंगच्या टेबलाशी होते.
समुद्राची रेघ माझ्याकडे असायची,
बारीक रोट्रिंगने, श्वास धरून,
तुटक, टिंब, तुटक.
साहेब मागे येऊन उभे राहायचे,
जरा पुढे घ्या बाई, नखभर.
मग अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची,
कागद फाटू द्यायचा नाही,
फुंकर मारायची.
नखभर म्हणजे जमिनीवर किती,
ते स्केलपट्टीवर लिहिलेलं असतं.
मी पाहिलं नाही.
पाहिलं.
आता राहते त्या सोसायटीत
अमावास्येच्या उधाणाला गटार उलटं वाहतं,
आणि वॉचमन म्हणतो, पाइपात काहीतरी अडकलंय.

तर वहीचं पहिलं पान कोरं आहे.
नेरूळ ते करंजा.
साजेदा म्हणते, तेवढं बसने जाऊ,
तिथे किनारा आहे कुठे?
भिंती आहेत, कंटेनर आहेत,
'प्रवेश निषिद्ध' आहे.
बरोबर आहे तिचं.
पण मला तिथूनच निघायचंय, दारातून.
सोळाचे अठरा झाले तर होवोत.
तिला कसं सांगायचं ते अजून जमलेलं नाही;
परवा चहाला बोलावलंय.

पोशाला विचारलं, वाट आहे का?
जाळ्याची गाठ दातात धरून तो हसला.
व्हती, म्हणाला.
मग गाठ सोडून हाताने हवेत दाखवू लागला.
हितून मिठागराचा बांध,
बांध सरला का चिखल, चिखलात दगड टाकलेले,
आजा टाकून गेला होता,
दगडावरून पलीकडं, तिथं एक चिंचेचं झाड.
झाड आता नाय. पन तिथंच.
मी काढत गेले,
पेन्सिलीने,
तुटक, टिंब, तुटक.
चुकलं की तो म्हणायचा, जरा मागं घ्या.

जेट्टीची खालची पायरी बुडाली होती.
आज काय तिथी, त्याने विचारलं.
षष्ठी.
मग?
साडेचार, मी म्हणाले,
आणि चपला वरच्या पायरीवर ठेवल्या.