इतर

टेंभीपाड्यात तिसऱ्या मजल्यावर
सुषमा घाडीगावकरांनी दार कोपरानं उघडलं,
दोन्ही हात कणकेत.
"बसा. पंखा लावत नाही हां, चपात्या वाळतात."

मी टॅबलेट काढला.
कुटुंबप्रमुखाचं मासिक उत्पन्न?
"सतरा हजार. कंपनीत होते तेव्हा बावीस होतं.
कंपनी गेली, टॉवर आला,
आता त्याच टॉवरच्या गेटवर बसतात."

इतर कमावत्या व्यक्ती?
"कोणी नाही."
लाटणं थांबलं नाही.
ओट्यावर डबे, झाकणांवर मार्करनं नावं :
पिंटो. शहा दुसरा मजला. केळुसकर, तेल नको.
"आणि ह्या?"
"ह्या होय! ह्या घरबसल्या. रोजच्या एकशे दहा,
पाचाला एक. ते काय उत्पन्न म्हणायचं?
त्यातून फक्त गॅस, लाइटबिल, सोनलचा क्लास
आणि सोसायटीचा मेंटेनन्स जातो."
'फक्त' मी टाइप केलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

खर्चाचं पान तिनं न अडखळता सांगितलं.
सिलिंडर, एकशे ऐंशी चपात्या.
सासूबाईंच्या गोळ्या, दोनशे चाळीस, त्याही पंधरा दिवसांच्या.
मासळी?
"बांगडा आता पाहुणा आला की येतो,
आणि पाहुण्यासारखाच, एकेकाला एकेक तुकडा."

स्क्रीन लाल झाली.
*खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. कृपया माहिती तपासा.*
मी वाचून दाखवलं. ती मनगटानं कपाळ पुसत हसली :
"रोज रात्री तपासतो की.
त्याला म्हणावं, आता तू तपास."

फरक कुठून भरता?
कर्ज, बचत, नातेवाईक, इतर.
"इतर."
एक चपाती फुगली, बसली.
"सोमवार धरते, गुरुवार धरते, चतुर्थी होतीच.
उपास वाढलेत बाई, देव तेवढेच आहेत."

निघताना तिनं विचारलं,
एका फॉर्मचे तुम्हाला किती?
पस्तीस.
"म्हणजे सात."
आणि तव्यावरची एक कागदात गुंडाळून
माझ्या हातात कोंबली. "ही धरू नका."

बसस्टॉपवर फॉर्म पुढे सरकेना.
दुधाचे दोनशे कमी केले, क्लासचे तीनशे,
मग किराणा, जरा जास्तच.
गोळ्यांना हात लावला नाही.
स्क्रीन हिरवी झाली.

आता कागदोपत्री घाडीगावकरांकडे
महिन्याला चाळीस रुपये उरतात.
म्हणजे आठ.
एक मी उभ्यानंच खाल्ली.