दीड मिलिमीटर

तेजपाल मगदूमची एस्टीम,
स्प्रिंगची दीड कॉइल कापून जमिनीला टेकवलेली,
उद्यमनगरात आमच्या दारची फरशी ओलांडताना
पोट घासून ओरडली
तेव्हाच मी लेथ बंद केला.

मागनं बाबालाल, अलाइनमेंटवाला.
त्यानं टायर पोटाशी धरला होता,
आजारी लेकरू दवाखान्यात आणावं तसा.

'बाहेरनं बघा,' म्हणाला.
बाहेरनं नवाकोरा. नक्षी जागच्या जागी,
साच्यातले रबरी केससुद्धा शाबूत.
मग त्यानं तो उलटा केला.
आतली कड माझ्या टकलासारखी गुळगुळीत
आणि एका जागी तार वर आलेली,
बारीक, चकचकीत.
चार हजार किलोमीटरांत.

'गाडी खाली बसली की चाकं वरनं आत कलत्यात.'
दोन तळहात उभे करून
बोटं एकमेकांकडं झुकवली त्यानं.
'कॅम्बर अडीच डिग्री. तेवढ्यावर एक वेळ निभावलं असतं,
पण टो बी आऊट हाय. गाडी निघालीय पुण्याला,
एक चाक कागलला, एक पन्हाळ्याला.
मग रस्ता रबर सोलतोय, बटाट्यागत.'

'उचल की मग गाडी चार बोटं,' मी म्हणालो.
तेजपाल गप्प.
मग बॉनेटवर हात फिरवत म्हणाला,
'उचलली की दुसऱ्या कुणाची तरी वाटती, अण्णा.'

टो बाबालाल जुळवणार होता,
टाय रॉडच्या चुडीवर पाव-पाव फेऱ्यानं.
कॅम्बरला मात्र जागाच नाही.
कंपनीनं भोक सरळ दिलं, बोल्ट सरळ दिला,
हा पोरगा स्प्रिंग कापणार
हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?
आता वाकड्या पोटाचा बोल्ट पाहिजे,
पुण्यास्नं मागवला तर आठवडा.
दोघं माझ्याकडं बघायला लागले.

एकतीस वर्षं मी सेंटर काढतोय.
घोरपडे मिस्त्रीनी पहिल्या दिवशी
डायलवर माझं नाक टेकवलं होतं:
काटा हलला तर जॉब भंगारात, मागनं तू.
नाही हलू दिला.
पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाचे रूळ,
एकदा पेठवडगावच्या कुणाच्या तरी
शिलाई मशीनची एवढीशी पुली.

आणि आता मधलं अंग
दीड मिलिमीटर सेंटरबाहेर काढायचं.
मुद्दाम.

चकच्या एका दाताखाली सव्वादोनची पट्टी सारली,
ईएन चोवीसचा गज आवळला, बटण दाबलं.
जॉब लंगडत फिरायला लागला,
वरातीत पिऊन नाचणाऱ्या दाजीसारखा.
टूल कधी लागतंय, कधी हवेत.
टक्.
टक्.
हात दोनदा आपोआप बटणाकडं गेला.
डायलचा काटा पुरा तीन मिलिमीटर
इकडनं तिकडं झुलत होता
आणि ते बरोबर होतं.

दोन बोल्ट मागितले होते. मी तीन केले. का ते माहीत नाही.
डोक्यावर पंचचा ठिपका मारला,
फुगीर बाजू कुठं आहे ते कळायला.

बाबालालच्या पडद्यावर
लाल आकडा पान्याबरोबर सरकत गेला:
दोन, दीड, एक.
'बास,' तो म्हणाला. 'एवढा कल ऱ्हाऊ दे. वळणाला बरा.'
नवे दोन टायर, आणि तंबी:
महिन्यानं गुडघ्यावर बसून आतनं हात फिरवायचा,
उभं राहून बघणाऱ्याला काय दिसत नाही.

पंचगंगेच्या पुलावर तेजपालनं
स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले.
मी सीटची कड धरली, शिवी दिली.
गाडी सरळ चालली होती.
पूल संपला तरी त्यानं हात लावला नाही,
शिरोलीच्या अलीकडं मीच ओरडलो.

सकाळी पंपाचा शाफ्ट लावला.
डायल टेकवला, चक हातानं फिरवला.
काटा हलला नाही.
मी आणखी एक फेरा दिला,
जरा वाट बघत.