उतरवा

सीपीआरच्या मागल्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत
मी मेण कापते.
मेणात माणसाचा तुकडा असतो, शेंगदाण्याएवढा.
पात्याखालून त्याची चकती निघते,
कोमट पाण्यावर तरंगते, मी ती काचेवर झेलते.
मग जांभळा रंग, मग गुलाबी.
नावाच्या जागी नंबर.

नंबर एकोणीसशे बारा मात्र स्वतःच दाराशी आला.
सातापा व्हरांबळे, वडणग्याचा गुळव्या.
डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत
जुना भाजलेला, चकाकता, एक सुरकुती नाही.
"एकोणनव्वद सालचं. काहील उतरताना एकाचा पाय घसरला.
गुळाचा पाक लई चिवट, बाई,
झाडला तरी सुटत न्हाई."
तीस वर्षं ती जागा गप्प होती. मग एक फोड,
फोडाची जखम, जखमेला कोबीसारखी कड.
हळद लावून झाली, कुणी झाडपाला दिला,
सोसायटीच्या निवडणुकीत एक वर्ष गेलं.

भिंगाखाली मुजावर मॅडमनी दाखवले
गुलाबी मोती, थरावर थर, मधे कठीण.
"दिसायला देखणे असतात मेले," म्हणाल्या
आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

तो बाकावरून उठेना. "कशानं झालं?
मी तंबाखूबी सोडलीया."
मी म्हटलं, मामा, कातडी म्हणजे चालू गुऱ्हाळ.
तळाशी पेशी जन्मतात, वर सरकतात, वाळतात, गळतात.
प्रत्येकीच्या दाराला कडी.
निरोप्या येतो, कडी वाजवतो,
आत एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला,
पार माजघरापर्यंत: वाढा.
जखम झाली की निरोपांची गर्दी, भरून आली की सामसूम.
शेजारीण शेजारणीच्या अंगाला हात लावून म्हणते,
बास ग, आता तू कातडी हो.
तुमच्या हातात कडी अडकून बसली,
वाजवणारा कधीच गेला, ती वाजतेच आहे.
आणि बास म्हणणारं कुणी उरलं नाही. म्हणजे बघा,
आतला गुळव्या मेला, आणि चुलाणात चिपाडं पडतायत.

तो हसला. खिशातून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.
"मरंल कशाला गुळव्या?
एकदा मी उतरवा म्हणालो, कुणी उठलंच न्हाई,
समदी मोबाईलवर कुस्ती बघत हुती.
पाक करपला.
हाक हुती की. कान नव्हता."

पुस्तकात हेच लिहिलंय.
त्यांना चार पानं लागलीत.

त्याच दिवशी दुसरा ब्लॉक होता, नाकपुडीजवळचा,
कसबा बावड्यात टपाल वाटणाऱ्या बाईंचा,
सव्वीस वर्षांचं ऊन.
तिथं उलटाच कारभार. दारावरचा शिपाईच नाहीसा,
त्याच्या धाकात गप्प बसणारा आता मोकाट.
हाक कुणी मारलीच नाही, आणि आतून सारखी ओ.
(या निरोपाला एका काटेरी जनावराचं नाव आहे,
माशीच्या अळीवर कुणाला काटे दिसले म्हणून.
हे मी बाईंना सांगितलं नाही.)

सातापामामांचा मोठा तुकडा आला, कडांना शाई लावून.
नेहमीपेक्षा सावकाश कापला.
निळी कड स्वच्छ. काळी स्वच्छ.
मनगटाकडची मॅडमनी दोनदा पाहिली,
मग पेनाचं टोपण काढलं.

जानेवारीत वडणग्याला गेले, गूळ आणायला म्हणून.
मांडीची कातडी हातावर लावलेली,
तिथं रंग वेगळा, जरा लाजल्यासारखा.
काहिलीभोवती वाफ. भेंडीच्या पाण्यानं मळी वर आलेली, काढलेली.
त्यानं थेंबभर पाक पाण्यात सोडला,
बोटांत गोळी वळली, भांड्यावर आपटली.
टण्.
कुणी बोललं नाही.
आवाज मोठा नव्हताच त्याचा,
"उतरवा"
आणि आठ जण एकदम उठले.