न आलेल्या पायांचं माप

काळ्या स्लाइडवर एक थेंब सीरम,
शेजारी एक थेंब लेटेक्स.
काडीनं मिसळून दोन मिनिटं झुलवायचं
घड्याळाकडं बघत.
एक्केचाळिसाव्या सेकंदालाच दाणे धरले,
दूध नासावं तसे.
रजिस्टरात लिहिलं: सोनाबाई म्हादू सातपुते,
स्त्री, ५८, जवाहरनगर. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह.
नात्याचा रकाना रजिस्टरात नसतो.

सीपीआरच्या या खोलीत चौदा वर्षं
मी लोकांचं रक्त बघते,
पण स्वतःला ते समजावून सांगायचं तर अजून
आमच्या ओसरीवरचंच सामान लागतं:
रापी, आरी,
बाभळीच्या सालीत मुरलेलं चामडं.

आबा गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून
भोवतीनं पेन्सिल फिरवायचे.
हाडांच्या आतला कारखाना तेवढं थांबत नाही.
मोजके कान, मोजके पट्टे, मोजक्या वेण्या,
ह्याचा कान त्याच्या पट्ट्याला,
जोडावर एखादा टाका आपला असाच, चुकलेला,
आणि रोज कोट्यवधी नग तयार,
ज्यांनी अजून जगात पाऊलच टाकलं नाही
अशा पायांसाठी.
बहुतेक खुंटीवर वाळून जातात.
एखादा बसतो.
बसला, की रातोरात त्याच मापाचे हजार,
दर खेपेला थोडे अधिक नेमके.

महापुराच्या साली,
गाळ उपसून चौथ्या दिवशी आईला ताप भरला.
डोळे हळदीसारखे.
गोळ्यांनी उतरला, खरं आहे.
पण आत कुणीतरी त्या जंतूचा पाय
काढून ठेवला असणार,
आबांच्या वहीसारखा.
वहीत अजून पन्हाळ्याच्या एका फौजदाराचा डावा पाय आहे,
सहा बोटांचा.
फौजदार गेले, आबा गेले.
पाय आहे.

दुकानात माल धाडायच्या आधी
आई जोड स्वतःच्या पायात घालून
ओसरीवर दोन फेऱ्या मारायची.
चावला, की बाजूला.
शरीरही असंच करतं म्हणतात:
आपल्याच माणसाला चावेल असं काही
उंबऱ्याबाहेर सोडत नाही.
पण आईच्या हातून निसटलेले जोडही मला माहीत आहेत.
पेठेतून परत यायचे, टाचेच्या रक्तासकट.

तिला सांगितलं.
जमेल तसं, चहा गाळता गाळता.
ती ऐकून घेऊन म्हणाली,
"म्हंजे माजीच चप्पल मला चावाय लागलीया म्हन की."
आणि हसली,
आणि कप दोन्ही तळव्यांत धरला,
कारण कानात बोट जात नव्हतं.

सकाळी अकरापर्यंत तिची मूठ मिटत नाही.
चामड्याच्या तीन बारीक वाद्या
मांडीवर तशाच पडून असतात.
ज्या बोटांनी आख्खी गल्ली वेणी घालायला शिकली
ती बोटं बटणाशी भांडतात.

डॉक्टरांनी लिहून दिलं: आठवड्यातून एकदा, फक्त सोमवारी.
कारखाना बंद करायचा नाही,
नुसता हात आखडता घ्यायला लावायचा.
खोकला लांबला तर लगेच यायचं,
कारण राखण ढिली झाली
की दार सगळ्यांनाच उघडं.
मी विचारलं, भीती वाटते का?
"नवी चप्पल चावली म्हून कुनी टाकून देतंय व्हय?
एरंडेल लावायचं.
घरातल्या घरात घालायची चार दिस."
चार दिवस नाहीत, आई. मी बोलले नाही.

आज सोमवार.
पाकिटावर मोठ्या अक्षरात मी वार लिहिलाय.
ती बराच वेळ चंदेरी पट्टीशी झटते,
नखानं, मग दातानं,
मग पट्टी उजेडात धरून
कारागिराच्या नजरेनं कडा बघते:
"एवढ्याशा गोळीला
एवढं घट्ट कुनी शिवलंय गं?"