लागेल तेव्हा

ओउलूत नोव्हेंबरला तीन वाजताच दिवे लागतात.
तळघरात त्याचा काही फरक नाही.
तिथे फळीवर बारा बोर्ड, उघडे, कवचाविना,
आणि समोर तूलिक्की रासिनकांगास,
लोकरी मोज्यांत; बूट दाराशी, बर्फ गाळत.

कर्नल बांधताना दर प्रश्नाला तीन उत्तरं असतात :
हो. नाही. आणि, लागेल तेव्हा.
रेडिओचा ड्रायव्हर पोटातच शिवायचा?
की बाजूला ठेवायचा, लागेल तेव्हा?
फर्मवेअर दाबून ठेवायचं की मोकळं?
पहाटेच्या पहिल्या गाठोड्यात ते बांधून द्यायचं
की मागाहून डिस्कवरून घे म्हणायचं?
उत्तरांना उत्तरं गुणत
तक्त्यात चौसष्ट घरं झाली.

घर सात, चालतो.
घर आठ, चालतो.
एकोणीस चालतो, पण दुसऱ्या खेपेला कुरकुरतो.
एकेचाळीस :
मेला.
अक्षर यौनीचं. गेल्या मंगळवारचं.
पडदा गप्प, दिवा गप्प,
चाळीस मोजून त्याने वायर उपटली होती.
तिनेही उपटली असती.

आज वायर हातात असतानाच फोन थरथरला.
हेल्वी. केमीहून. मार्चनंतर पहिल्यांदा.
तळघरात आवाज तुटतो, म्हणून ती जिन्यात गेली,
मोज्यांनीच, गार पायऱ्यांवर.

आईचं शिवणयंत्र, हेल्वी म्हणाली,
घर विकलं तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये आहे.
तुला नकोच होतं ना?
मी मागितलं होतं, तूलिक्की म्हणाली. मार्चमध्ये.
कधी?
घराच्या चाव्या दिल्या त्या दिवशी. तू काही बोलली नाहीस.
अगं, त्या दिवशी माझ्या कानात
फक्त चाव्या होत्या.
मग दोघी हवेबद्दल बोलल्या.

परत आली तर
एकेचाळीस जागा होता.
पडद्यावर एक चौकोन, उघडझाप,
काही हुकूम आहे का म्हणून.

ती लॉग वर सरकवत गेली.
दुसरं सेकंद : ड्रायव्हर उठला. तो पोटातलाच,
सगळ्यांच्या आधी उठणारा.
उठल्या उठल्या त्याने फर्मवेअर मागितलं.
डिस्क अजून जोडलेली नव्हती.
आडात होतं हो,
पण पोहऱ्याला दोर बांधायला कुणी उठलंच नव्हतं.
उणे दोन, उत्तर आलं. अशी फाइल नाही.
मग त्याने घरातल्यांना हाक घातली.
घरातले अजून जन्मायचे होते,
आणि ते जन्मणार होते
याची हाक संपल्यावरच.
तो साठ सेकंद थांबला. पुरी साठ.
मग त्याने मागणं सोडलं,
आणि बाकीचं घर उठलं, आवराआवर झाली,
रेडिओवाचून.

म्हणजे मेला नव्हता.
वीस सेकंद आधी आपण वायर उपटत होतो,
दर खेपेला, अगदी मन लावून.

तिने ड्रायव्हरला सोडवलं, पुन्हा बांधलं.
दोन ओळींचं काम.
आता तीच मागणी, तेच नाव, तोच स्वर.
डिस्क घरात होती.
अर्ध्या सेकंदात फर्मवेअर चढलं
आणि फळीच्या कडेचा हिरवा दिवा
असा लागला की जसं काही झालंच नव्हतं.

याला दुरुस्ती म्हणत नाहीत, हे तिला ठाऊक आहे.
खरी दुरुस्ती म्हणजे गाठोड्यात बांधून देणं,
किंवा तिसरं उत्तर.
तक्त्यात तिने यौनीचा शब्द खोडला,
आणि काय लिहावं ते सुचेना.
आधी लिहिलं : उशिरा उठतो.
खोडलं. तो तर सगळ्यांत लवकर उठला होता.
मग लिहिलं :
फार लवकर विचारलं. पुन्हा विचारावं.

तेवीस घरं बाकी आहेत.
बेचाळीसची वायर तिने अजून लावलेली नाही.
ती दाराशी बसून बुटांत पाय घालतेय,
जिन्यात जायचंय,
या वेळी जरा वेळ लागेल.