वाळूतला सराव

नाव प्रॉसर. आमच्या वस्तीनं त्याचं परसू केलं,
परसू मिस्त्री.
बायको ग्वेन; पहिल्याच बाजारात, वांगी निवडता निवडता
ती गेनाबाई झाली.

वेल्सच्या खाणीतला दगडफोड्या.
म्हसावदजवळ गिरणेवर रेल्वेचा पूल बांधायला आला,
करार दोन वर्षांचा.
जायचं होतं भलतीकडेच :
दोन समुद्र, मग महिनोन्‌महिने नुसतं गवत,
मग डोंगर, मग खारं तळं,
आणि तळ्याकाठी त्याच्या पंथाची, मॉर्मन माणसं.
भाड्याचे पैसे जमेपर्यंत खानदेश.

हाताखाली माझा खापरपणजा, तोताराम बेलदार,
गाढवांवर बिऱ्हाड लादून आलेला.
त्यानं विचारलं, ‘भाऊ, तू कथाईन उना?’
परसूनं मावळतीकडे बोट केलं.
‘नि जाशी कथा?’
पुन्हा मावळतीकडेच.
तोताराम हसला. बेलदाराला असला रस्ता कळतो.

परसू मोहाची घेत नसे. रविवारी छिन्नी धरत नसे.
थोरल्याला आठवं सरलं त्या सकाळी
त्याला गिरणेत नेलं, नाक धरून पुरता बुडवला.
धुणं टाकून बाया धावल्या,
‘पोऱ्याले बुडाई टाकं रे!’
पोरगं वर आलं दात वाजवत, हसत.

तिकडे गरिबाला बैल मिळत नाहीत,
माणसंच गाडी ओढतात, असं कुणाच्या पत्रात होतं.
म्हणून त्यानं बाभळीची हातगाडी केली, दोन चाकांची,
आणि रोज संध्याकाळी कामावरून सुटला की
गिरणेच्या वाळूत सराव.
गाडीत धोंडे. पुढे तो नि गेनाबाई,
मागून थोरला रेटणारा,
धोंड्यांवर धाकटी एलिन, हातात काडी, गाडीवान.
वाळूत चाक रुतायचं. गाव काठावर बसून बघायचं.
कुणीतरी पैजा लावायचं, आज बाभळीपर्यंत तरी जातात का.

एलिन तापानं गेली. सात वर्षं, दहा महिने.
परसूनं कोळशानं दगडावर चार अक्षरं काढून दिली.
तोतारामाला अक्षर ठाऊक नाही,
त्यानं नक्षी कोरावी तशी कोरली.
शेवटचं उलटं पडलं.
परसू बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, असू दे.

पूल झाला. ते गेले.
गाडी आगबोटीवर चढत नाही म्हणून आमच्याकडे राहिली.
आमच्या बाया तिच्यातून सरपण आणत,
पुढे एक चाक रहाटाला गेलं, दुसऱ्याचं कुणाला माहीत नाही.

मागच्या माघात एक बाई आली, उंच, उन्हानं लाल झालेली.
थोरल्याच्या नातवाची नात.
चहा घेत नाही म्हणाली, दोन केळी खाल्ली.
वहीत त्यांच्या मेलेल्यांची नावं, पानंच्या पानं;
कुणाकुणासाठी पाण्यात उतरायचं राहिलंय त्याचा हिशोब.
दगड दाखवला. तिनं उलट्या अक्षरात बोट घातलं,
कडेकडेनं फिरवलं.
मी म्हटलं, हिच्यासाठी पाण्याचं बघा मग;
नदीला तर आता वाळूचे ट्रॅक्टरच आहेत.
‘नाही,’ दुभाष्या म्हणाला, ‘आठ पुरी नव्हती. तिला लागत नाही.’

मग तिनं कोरं पान काढलं : तुमची सांगा.
मी सांगू लागलो. मी पंडित. बाप सुपडू. आजा झिपरू.
आणि पणजा…
तोताराम मला पाठ आहे, परसूमुळे.
त्याचा पोरगा, माझ्या आज्याचा बाप,
याच घरात जगून गेला असणार,
आणि त्याचं नाव येईना.
तोतारामाच्या बायकोचंही नाही.
गेनाबाईचं मात्र आलं.

बाईनं पेन उचलून धरलं होतं.
मी म्हटलं, ती ओळ मोकळी ठेवा.
म्हसावदला एक म्हातारी आहे आमच्यातली, ऐकू कमी येतं,
तिला विचारून कळवतो.